हरीण राज्याचे, शिकारी पाहुणा

शिकार हा शब्द आपल्याकडे आता जुन्या पुस्तकांत आणि संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतल्या भुसा भरलेल्या मुंडक्यांतच उरला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरसकट शिकारीचा दरवाजा बंद केला, आणि ते योग्यच झाले याबद्दल फारसे दुमत नाही. पूर्वी वनखात्याकडून शिकारीचा ‘ब्लॉक’ घेऊन रान धुंडाळणारी पिढी मागे पडली. त्यामुळे साधा नोकरदार माणूस ऑक्टोबरात आठवडाभराची रजा टाकतो, मोटारीत तंबू आणि रायफल घालतो, चार-पाच राज्ये ओलांडून हरणाच्या शिकारीला जातो आणि हे सारे कायद्याच्या चौकटीत करतो, हे ऐकून आपल्याला नवल वाटते. अमेरिकेत मात्र दरवर्षी असंख्य माणसे हे करतात. त्यांत प्लंबर असतात, शाळामास्तर असतात, परिचारिका असतात. सोबत वाटाड्या नसतो, नोकरचाकर नसतात. रान शोधायचे ते स्वतः, तंबू ठोकायचा तो स्वतः आणि हरीण पडले तर त्याचे मांस पाठीवर वाहून आणायचे तेही स्वतः.

गंमत अशी, की या सगळ्यात गोळी झाडणे हा सर्वांत छोटा भाग आहे. नवशिका अडतो तो नेमबाजीत नव्हे. आपण कोणाच्या जमिनीवर उभे आहोत, समोरचे हरीण कोणाचे आहे आणि ते पडल्यावर पुढे काय, या तीन प्रश्नांपाशी तो अडतो. त्यांची उत्तरे रानात मिळत नाहीत. ती सहा-आठ महिने आधी घरातल्या जेवणाच्या टेबलावर, नकाशे आणि नियमांची पुस्तके पसरून शोधावी लागतात.

समजा, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहणाऱ्या तिशीतल्या एखाद्या गृहस्थाला हा नाद लागला. घरात शिकारीची परंपरा नाही. गेल्या दोन हिवाळ्यांत मित्राबरोबर गावाजवळच्या जंगलात तो पांढऱ्या शेपटीच्या हरणांमागे हिंडला आहे. आता त्याला पश्चिमेकडच्या उघड्या माळरानांतले ‘म्यूल डिअर’ खुणावते आहे. खेचरासारखे लांबरुंद कान, म्हणून हे नाव. बिथरले की चारही खूर एकदम उचलून चेंडूसारखे टप्पे घेत हे हरीण उतार चढून जाते. त्यासाठी आपल्या गृहस्थाने वायोमिंग राज्य निवडले. घरापासून अंतर सव्वादोन हजार किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे मुंबईहून मोटारीने श्रीनगर गाठण्याइतके.

हरीण कोणाचे?

अमेरिकी कायद्याचा पाया असा, की रानातले जनावर जमीनमालकाचे नसते. राज्यातल्या जनतेच्या वतीने राज्य सरकार त्याचे विश्वस्त असते. हरीण कोणाच्या शेतात चरते आहे याने त्याची मालकी ठरत नाही. पण याचाच दुसरा अर्थ असा, की वायोमिंगच्या हरणावर पहिला हक्क वायोमिंगच्या माणसाचा. ओहायोहून येणारा हा पाहुणा, आणि पाहुण्याने जास्त पैसे मोजायचे.

हा भेदभाव नाही काय, असा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. मोंटाना राज्यात १९७६ साली स्थानिक माणसाला एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला मात्र एल्क मारायचा तर अनेक जनावरांचा एकत्रित परवानाच घ्यावा लागे, तो २२५ डॉलरचा. बाहेरच्या शिकाऱ्यांनी दावा लावला. १९७८ साली न्यायालयाने निकाल दिला, की पोटापाण्याचा धंदा करण्याचा हक्क वेगळा आणि हौसेने शिकार करणे वेगळे. या दुसऱ्या बाबतीत राज्याने आपल्या रहिवाशांना झुकते माप दिले तर घटनेचा भंग होत नाही. तेव्हापासून ही तफावत कायम आहे. वायोमिंगमध्ये २०२४ साली हरणाचा परवाना रहिवाशाला ४२ डॉलरला होता, बाहेरच्याला ३७४ डॉलरला. सोडतीत संधी थोडी वाढवणारा ‘खास’ परवाना तर १,२०० डॉलरचा.

हा पैसा जातो कोठे? १९०० च्या सुमारास अमेरिकेत बेबंद शिकारीने पांढऱ्या शेपटीची हरणे अवघी पाच लाखांच्या आसपास उरली होती, असा अंदाज सांगतात. आज ती तीन कोटींच्या घरात असावीत. या पुनरुज्जीवनामागे मांसाच्या बाजारविक्रीवरची बंदी आणि ठरावीक हंगाम तर आहेतच, पण शिकाऱ्यांचा पैसाही आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराची रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवली. अट एकच, की परवान्यांतून येणारा पैसा राज्याने दुसऱ्या कामाला लावायचा नाही. मारणाऱ्याच्या खिशातून राखणाऱ्याचा पगार निघतो, हे गणित आपल्याला विचित्र वाटेल. तिथे ते चालले आहे एवढे खरे.

जानेवारीत सुरू होणारा हंगाम

शिकार ऑक्टोबरात, पण धावपळ जानेवारीपासून. पहिली पायरी म्हणजे शिकारी शिक्षणाचा अभ्यासक्रम. वायोमिंगमध्ये १ जानेवारी १९६६ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याला तो केल्याचा दाखला लागतो. बंदूक नेहमी भरलेलीच आहे असे समजावे, जे मारायचे नाही त्याकडे नळी वळवू नये, लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहिल्याशिवाय घोड्यावर बोट ठेवू नये, असे धडे त्यात गिरवून घेतात. एका राज्यात मिळालेला दाखला इतर राज्ये मानतात, ही त्यातली सोय.

दुसरी पायरी सोडतीची. बाहेरच्या शिकाऱ्याने पैसे भरले की परवाना हातात, असे पश्चिमेकडे सहसा होत नाही. कोणत्या भागातून किती हरणे काढली तर कळप टिकेल याचा हिशोब जीवशास्त्रज्ञ मांडतात, त्यावरून परवान्यांची संख्या ठरते आणि अर्जदार जास्त असल्याने चिठ्ठ्या निघतात. कोलोरॅडोने तर १९९९ पासून हरणाचे सारेच परवाने सोडतीवर टाकले आहेत. वायोमिंगमध्ये बाहेरच्यांनी उन्हाळ्याच्या तोंडाशी अर्ज करायचे असतात आणि निकाल जूनमध्ये लागतो. ज्याचे नाव निघाले नाही त्याला पैसे भरून ‘प्राधान्य गुण’ साठवता येतो. तीन चतुर्थांश परवाने जास्त गुणवाल्यांना मिळतात, उरलेले एक चतुर्थांश निव्वळ नशिबावर. म्हणजे नवशिक्यालाही आशा असते, पण ती त्याने बेताची ठेवावी.

येथे नवखा माणूस हमखास एक घोटाळा करतो. मोठ्या शिंगांच्या छायाचित्रांना भुलून तो सर्वांत नावाजलेल्या भागासाठी अर्ज भरतो आणि वर्षानुवर्षे नुसते गुण मोजत बसतो. जाणते सांगतात, की पहिल्या खेपेला शिंगांचा विचार सोडावा. जिथे परवाना सहज मिळतो, सरकारी जमीन भरपूर आहे आणि चार दिवसांत चार हरणे तरी नजरेस पडतील, असा भाग निवडावा. काही ठिकाणी मादीचे परवाने नराच्या मानाने फारच स्वस्त असतात. शिकण्यासाठी ते उत्तम.

दुसरे, गेल्या वर्षीच्या आकड्यांवर विसंबू नये. २०२२-२३ च्या भयंकर हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमधली हरणे मोठ्या संख्येने उपासमारीने आणि थंडीने मेली. त्या वर्षीची पाडसे तर जवळजवळ उरलीच नाहीत. लगेच तिथले परवाने कमी करण्यात आले. जुन्या माहितीवर बेत आखणाऱ्यांचे सगळे गणित फसले. त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी त्या भागाच्या वन्यजीव अधिकाऱ्याला सरळ दूरध्वनी करावा, ही रीत. “हरणे कुठे मिळतील?” असे विचारण्याऐवजी “नकाशावर या दोन खोऱ्यांकडे पाहतो आहे; सप्टेंबरअखेर तिथे पाणी असते का?” असे विचारावे. ज्याने घरचा अभ्यास केला आहे त्याच्याशी अधिकारी मोकळेपणाने बोलतात.

बुद्धिबळाचा पट

वायोमिंग हे राज्य आकाराने महाराष्ट्राच्या चार पंचमांशांहून थोडे मोठे, पण वस्ती सहा लाखांहूनही कमी. जवळजवळ निम्मी जमीन सरकारी. काही वन विभागाची, काही भूव्यवस्थापन खात्याची, थोडी राज्याची. यांतल्या बहुतेक जमिनीवर परवानाधारकाला मुक्तद्वार असते. राष्ट्रीय उद्याने मात्र वेगळी. तिथे सहसा शिकार चालत नाही.

ऐकायला हे फार सोपे वाटते. नकाशा उघडला की डोळे फिरतात. १८६२ च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना एक मैल लांब, एक मैल रुंद असे चौकोन एकाआड एक दिले गेले. मधले चौकोन सरकारकडे राहिले. पुढे रेल्वेचे चौकोन विकले गेले, त्यांवर मोठमोठे मळे उभे राहिले. दक्षिण वायोमिंगचा नकाशा आज हुबेहूब बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो. पांढरी घरे सरकारी, काळी खासगी. पांढऱ्या घरातून दुसऱ्या पांढऱ्या घरात जायचे तर उंटासारखे तिरके, कोपऱ्यावरून जावे लागते. आणि त्या कोपऱ्यावर दोन खासगी घरेही टेकलेली असतात. पाऊल सरकारी जमिनीवर पडले, तरी खांदा क्षणभर खासगी जमिनीवरच्या हवेतून गेला, त्याचे काय?

हा प्रश्न कोणा पंडिताने काढलेला नाही. २०२१ साली मिसुरी राज्यातून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटनजवळ अशाच एका कोपऱ्यावर घरी बनवलेली शिडी ठेवली आणि खासगी जमिनीला पाय न लावता ते पलीकडे उतरले. मळ्याच्या मालकाने आक्षेप घेतला. आधी फौजदारी खटला झाला. २०२२ साली स्थानिक पंचांनी चौघांनाही निर्दोष ठरवले. मालकाने दिवाणी दावाही लावला होता. जमिनीची किंमत घटल्याबद्दल सत्तर लाखांहून अधिक डॉलरच्या नुकसानीची भाषा त्यात होती. शिकारी खालच्या न्यायालयात जिंकले. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. सरकारी जमिनीची वाट अडवू नये असे सांगणारा १८८५ चा जुना कायदा त्यासाठी कामी आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात हात घालण्यास नकार दिला. त्यामुळे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा अशा त्या न्यायालयाच्या कक्षेतल्या सहा राज्यांत शिकाऱ्यांची बाजू भक्कम झाली. मोंटाना मात्र दुसऱ्या न्यायालयाच्या कक्षेत येतो; तिथे हा निकाल बंधनकारक नाही.

त्या चौघांना हे सगळे किती वर्षे पुरले ते पाहिले, की नवशिक्याने काय बोध घ्यायचा ते उघड आहे. पहिल्या खेपेला कोपऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. रस्त्याला लागून असलेला, सलग आणि मोठा सरकारी पट्टा शोधावा. अनेक राज्यांत सरकार जमीनमालकांशी करार करून खासगी शेते शिकाऱ्यांना खुली करून देते. वायोमिंगमध्येही अशी योजना आहे. काही ठिकाणी सरळ पायी शिरता येते, काही ठिकाणी आधी चिठ्ठी घ्यावी लागते. आणि एखाद्या शेतकऱ्याची जमीन ओलांडायचीच असेल, तर शिकारीच्या आदल्या रात्री नव्हे, उन्हाळ्यातच जाऊन त्याच्या दारावर टकटक करावी, नम्रपणे विचारावे आणि नाही म्हटले तर आभार मानून परत फिरावे.

आणखी एक मेख आहे. वायोमिंगमध्ये केंद्र सरकारने ‘अस्पर्श रान’ म्हणून घोषित केलेल्या प्रदेशात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मोठ्या जनावराची शिकार एकट्याने करता येत नाही. परवानाधारक वाटाड्या किंवा राज्यातला रहिवासी सोबत हवा. त्याच रानात तंबू ठोकून राहायला किंवा गळ टाकून मासे धरायला कोणी अडवत नाही. या नियमावर टीका पुष्कळ होते, पण नियम तो नियम. नकाशावर ही सीमा पाहिली नाही, तर सव्वादोन हजार किलोमीटरचा प्रवास पाण्यात.

दम आणि नेम

वायोमिंगची सरासरी उंची दोन हजार मीटरच्या वर आहे. आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर. म्हणजे ज्याला इथला ‘सपाट माळ’ म्हणतात, तो महाराष्ट्राच्या माथ्याहूनही उंच. सखल ओहायोतून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी चार पावलांत धाप लागते. म्हणून उन्हाळाभर पाठीवर वजन घेऊन जिने चढणे, टेकड्या तुडवणे हा तयारीचा भाग. बूटही नवे कोरे नेऊ नयेत. महिनाभर आधी घालून मऊ केलेले असावेत. पायाला फोड आला, की रायफल कितीही भारी असली तरी शिकार संपली.

नेमाचा प्रश्न असा, की पूर्वेच्या दाट झाडीत हरीण पन्नास-साठ यार्डांवर दिसते, पश्चिमेच्या उघड्यावर दोनशे-तीनशे यार्डांवर. नेमबाजीच्या मैदानावर टेबलाशी बसून नेम साधणे वेगळे आणि चढण चढून छाती भात्यासारखी हलत असताना साधणे वेगळे. नवशिक्यासाठी एक साधी परीक्षा आहे. वीत-सव्वा वीत व्यासाची कागदी बशी टांगायची. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे साधारण तेवढ्या जागेत असतात. बसून, गुडघ्यावर टेकून, काठीचा आधार घेऊन गोळ्या झाडायच्या. ज्या अंतरावर प्रत्येक गोळी बशीत बसते, ती आपली हद्द. एखादी जरी बाहेर गेली, तर ते अंतर आपले नव्हे. ही हद्द दीडशे यार्ड निघाली तर लाजण्याचे कारण नाही. पुढे दोनशे यार्डांवर कितीही देखणा नर उभा राहिला, तरी गोळी झाडायची नाही, एवढे मात्र मनाशी बांधून ठेवावे लागते. कारण चुकलेल्या गोळीहून वाईट असते ती अर्धवट लागलेली. जखमी जनावर दऱ्याखोऱ्यांत दोन दिवस तडफडते आणि त्याचे ओझे नंतर कशाने उतरत नाही.

रायफल नेण्याचेही नियम आहेत. मोटारीने राज्ये ओलांडताना ती रिकामी आणि कुलपात असावी. विमानाने जायचे तर कडक पेटीत कुलूपबंद करून, खिडकीवर आधी सांगून, सामानात द्यावी. शिवाय अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा सक्तीचा. हरणाला तांबडा-नारिंगी रंग नीट ओळखता येत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र तो मैलावरून दिसतो.

सर्वांत महत्त्वाची वस्तू रायफल नव्हे, दुर्बीण. पहाटे काळोखातच उंचवट्यावर जाऊन बसायचे आणि उजाडले की समोरचा डोंगर पुस्तकासारखा ओळीने वाचायचा. अख्खे हरीण सहसा दिसत नाही. दिसतो हलणारा कान, झुडपाखालची आडवी रेघ, उन्हात चमकलेले शिंगाचे टोक. दुपारी ती सावलीला बसतात. वाऱ्याची दिशा सतत तपासावी लागते, कारण हरणाच्या डोळ्याला फसवता येते, नाकाला नाही. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, ऊन तापले की वर चढते. म्हणून सकाळी खालून जाणारा शिकारी दुपारी वरून उतरतो. पहिले दोन दिवस नुसते पाहण्यात घालवणारा नवखा बहुधा तिसऱ्या दिवशी शहाणा होतो.

गोळीनंतर

खरे काम नंतरचे. परवान्याच्या चिठ्ठीवर तारीख लगेच कापून खूण करायची. नाही केली तर कायदेशीर शिकार बेकायदा ठरते. असे मांस राज्याबाहेर नेले, तर १९०० च्या लेसी कायद्याने तो केंद्रीय गुन्हाही होऊ शकतो. मग आतडी काढून, कातडे सोलून, मांस शक्य तितक्या लवकर गार करायचे. ऑक्टोबरात वायोमिंगच्या दुपारी उबदार असू शकतात. दोन-चार तासांची हयगय केली तर मांस वाया जाते. आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हाही गुन्हाच.

जिवंत वजनाच्या सुमारे एक तृतीयांश मांस हाती लागते. मोठ्या नराचे म्हटले तर तीस किलोच्या आसपास, अधिक रायफल, पाणी आणि सामान. हे ओझे डोंगर उतरून मोटारीपर्यंत न्यायला दोन खेपा तरी होतात. म्हणून जाणत्यांचा दंडक असा, की जिथून मांस वाहून आणता येणार नाही तिथे गोळी झाडू नये. वायव्य वायोमिंगमध्ये ग्रिझली अस्वलेही आहेत आणि रक्ताचा वास त्यांना लांबून येतो. तिथे अस्वलाला पळवणारा तिखट फवारा कमरेला हवा आणि जोडीदारही हवा. घरी पत्नीच्या हातात रोजच्या मुक्कामाचा नकाशा आणि “अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही, तर शेरीफला फोन कर” अशी चिठ्ठी ठेवून निघणे ही कोणालाही न चुकणारी गोष्ट. कित्येक खोऱ्यांत मोबाईलला सिग्नल नसतो.

गेल्या काही दशकांत एक नवी काळजी भर पडली आहे. हरणांना होणारा एक क्षयी रोग, मेंदू पोखरणारा. १९६७ साली कोलोरॅडोत बंदिस्त हरणांत तो पहिल्यांदा दिसला आणि पुढे अनेक राज्यांत पसरला. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे. म्हणून मारलेल्या हरणाच्या ग्रंथींचा नमुना तपासणीला द्यावा आणि अहवाल येईपर्यंत मांस शीतपेटीत ठेवावे. मेंदू आणि पाठीचा कणा राज्याच्या सीमेपलीकडे नेण्यावर ठिकठिकाणी बंदी आहे. म्हणून हाडे सोडवून निव्वळ मांसच बर्फाच्या पेट्यांत भरून घरी न्यायचे. ज्यांच्या घरात ते संपत नाही, ते गरजूंसाठी चालणाऱ्या अन्नछत्रांना देतात. अनेक राज्यांत तशी व्यवस्था आहे.

अमेरिकेत नोकरीसाठी गेलेल्या मराठी तरुणांनाही सहकाऱ्यांकडून कधीतरी अशा सहलीचे आमंत्रण येते. त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या परदेशी माणसाला तिथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. वैध शिकार परवाना हा त्याला एक अपवाद आहे. परवाना हाती नसताना मित्राची रायफल “जरा धरून पाहू” एवढी हौसही व्हिसावर बेतू शकते. वकिलाला आधी विचारलेले बरे.

एवढे सगळे करून कित्येक नवशिके पहिल्या वर्षी रिकाम्या हाताने परततात. आठ महिन्यांची तयारी, परवान्याचे पैसे, रजा, पेट्रोल, आणि शीतपेटीत नुसते वितळलेले पाणी. तरीही त्यांतले बरेच जण पुढच्या जानेवारीत पुन्हा नकाशे काढतात. कारण आता त्यांना ते खोरे ठाऊक असते, त्यातला पाण्याचा झरा ठाऊक असतो, वारा दुपारी कोणत्या वेळेला फिरतो ते ठाऊक असते.

शिकार मुळातच नको, असे मानणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि अमेरिकेतही कमी नाहीत. तो वाद मिटणारा नाही. पण दुकानातून पाकीटबंद मांस आणणाऱ्याला जे प्रश्न कधी पडत नाहीत, ते या पाहुण्याला एकेक करून सोडवावे लागतात. हे जनावर कोणाचे, कळपात अजून किती उरले, माझा नेम खरा आहे का, आणि एक जीव घेतला तर त्यातले काही वाया तर जाणार नाही ना. ज्याने ही उत्तरे घरून निघण्यापूर्वी शोधली आहेत, त्याला आपल्या हद्दीबाहेरचे हरीण समोर आले तर बंदूक खाली ठेवणे जड जात नाही.